मेपलला घरी रंग द्यायचाय: व्हिनेगर-लोखंडाचा काळा रंग चढतच नाही

खुट्टी

नमस्कार मंडळी,

मेपलच्या फळ्यांचा एक झाकणाचा पेटारा करतोय. फळ्यांवर आडव्या लहरी आहेत, उजेडात फळी कलती केली की त्या सरकताना दिसतात. रंग हवाय गडद तपकिरी, अक्रोडाच्या लाकडाजवळ जाणारा. पण लहरी झाकल्या जाता कामा नयेत, आणि शक्यतो रंग घरी बनवलेला असावा.

उरलेल्या तुकड्यांवर दोन गोष्टी करून पाहिल्या. एक, डब्यातला तयार वुड स्टेन. कुठे काळपट डाग, तर हातभर पलीकडे रंग जवळजवळ नाहीच. दुसरं, जो तो सांगतो ते व्हिनेगरमध्ये स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा बोळा) भिजवून केलेलं पाणी. व्हिडिओंमध्ये लाकूड बघता बघता काळं होतं, माझ्या तुकड्यावर नुसता धुवट राखाडी रंग आला. तेच पाणी ओकच्या तुकड्यावर लावलं तर तो काळाकुट्ट झाला! म्हणजे पाणी ठीक आहे, मेपलच ऐकत नाहीये. का?

मोलर_मावशी

कारण मेपलमध्ये टॅनिन, म्हणजे चहा-हिरड्याला तुरटपणा देणारं द्रव्य, फार कमी असतं. ते पाणी स्वतः रंग नाहीच. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लात लोखंड विरघळून आयर्न ॲसिटेट होतं, ते लाकडातल्या टॅनिनला भेटलं की काळं संयुग तयार होतं. जुन्या काळी मायफळ आणि हिराकस वापरून लिहायची शाई करत, तीच ही रसायनक्रिया. ओक, अक्रोड, चेस्टनट ही टॅनिनवाली लाकडं, त्यामुळे व्हिडिओ त्यांच्यावरच झकास दिसतात. मेपलमध्ये शाईचा अर्धा भागच गैरहजर आहे, तो तुम्ही बाहेरून आणून द्यायचा.

सोपा मार्ग म्हणजे कोऱ्या चहाचा अगदी कडक काढा. गाळून, गार करून फळीवर भरपूर लावा, वाळू द्या, हवं तर दुसरा हात द्या. मग लोखंडाचं पाणी. फरक लगेच दिसेल. चहापेक्षा हिरडा जास्त जोरदार आहे, त्याने निळसर काळा येतो. काताचं टॅनिन वेगळ्या जातीचं, ते लोखंडाबरोबर हिरवट-करड्या तपकिरीकडे जातं. तयार टॅनिक आम्लाची पूड मिळाली तर उत्तमच, तिला स्वतःचा रंग फारसा नसतो.

पाणी बनवताना: साधं पांढरं व्हिनेगर (५ टक्के आम्लाचं) पुरतं. स्टील वूलवर कारखान्यातला तेलाचा पातळ थर असतो, तो साबणाने धुऊन काढा, नाहीतर क्रिया रेंगाळते. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. काही दिवसांनी कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. ताजं द्रावण फिकट हिरवट असतं. हवा लागत राहिली की लोखंडाचं पुढे ऑक्सिडेशन होऊन ते तांबूस गढूळ होतं. त्या जुन्या पाण्याने लाकडावर गंजाची छटा येते. काहींना ती आवडते, पण मग दोन बरण्यांचा रंग जुळत नाही म्हणून ओरडायचं नाही.

शंकासूर

मग नुसता चहा किंवा कॉफी लावून का भागत नाही? तपकिरी तर ते आहेतच.

मोलर_मावशी

लावा की. पहिल्या दिवशी सुरेख दिसेल. पण चहा-कॉफीचा रंग फिका, आणि उजेडात तो आणखी उतरतो. हळद, बीट, जास्वंद यांची तर गोष्टच सोडा. हळदीइतका झगझगीत पिवळा मेपलवर दुसऱ्या कशाने येत नाही आणि हळदीइतक्या लवकर दुसरं काही उडतही नाही. उन्हाच्या खिडकीशी ठेवून बघा. लोखंड-टॅनिनचा काळा मात्र टिकतो.

रंधा_आणि_मी

मावशींनी काळ्याचं सांगितलं, मी डागांचं सांगतो. मेपलवर रंग बिघडण्याच्या निम्म्या तक्रारी तिथल्या असतात.

डब्यातल्या बहुतेक स्टेनमध्ये पिगमेंट असतं, म्हणजे न विरघळलेली बारीक भुकटी. ती लाकडाच्या छिद्रांत आणि घासणीच्या ओरखड्यांत जाऊन बसते. ओकची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात, तिथे तिला जागाच जागा. मेपलची छिद्रं अतिशय बारीक आणि सगळ्या फळीभर विखुरलेली. भुकटीला बसायला घर नाही. मग जिथे धागे किंचित उलटे वर आले असतील तिथे ती साचते आणि बाकी पुसली जाते. तुमचे डाग ते हेच. त्यावर दुसरा, तिसरा हात चढवत गेलात तर स्टेन राहत नाही, पातळ ऑइलपेंट होतो, आणि लहरी गेल्या.

म्हणून मेपलला डाय. डाय पूर्ण विरघळलेला असतो, तो धाग्यातच शिरतो आणि पारदर्शक राहतो. पाण्यात विरघळणारी ॲनिलिन डायची पूड आणून स्वतः कालवली तरी ती घरगुतीच समजा. छटा तुमच्या हातात, पातळ-दाट तुमच्या हातात. कपड्यांचे रंगही लोक वापरतात, पण उजेडात ते किती टिकतील हे रंगारंगावर आहे.

आता घासणी. लोक मेपलला ४०० नंबरच्या पॉलिशपेपरपर्यंत (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासून आरशासारखं करतात आणि मग रंग पीत नाही म्हणतात. पृष्ठभाग इतका गुळगुळीत दाबला गेला की तो पिणार कसा? सपाट बाजू १८० किंवा २२० ला थांबवा. आडव्या छेदाची टोकं मात्र ३२० ते ४०० पर्यंत न्या. ती नेहमीच जास्त पितात आणि काळी पडतात, तिथे हा बंदपणा आपल्या कामाचा. २२० नंतर फळी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, उभी राहिलेली लव हलक्या हाताने काढा. हे आधी केलं नाही तर चहा लावल्यावर फळी खरखरीत होईल आणि तेव्हा घासायला गेलात तर रंगच निघेल. सांध्यांतून बाहेर आलेला गोंदही आत्ताच शोधा. ओलं केल्यावर तो फिकट दिसतो. त्यावर कुठलाच रंग चढत नाही, घरचा नाही आणि विकतचाही नाही.

पिगमेंटच वापरायचा हट्ट असेल तर आधी पातळ लाखेचा एक हात: लिटरभर स्पिरिटला ६० ग्रॅमच्या आसपास, मेण काढलेली लाख. तो तहानेला लगाम घालतो. नाहीतर दाट जेल स्टेन, तो आत शिरतच नाही म्हणून डागही पाडत नाही. पण चहा-लोखंडाच्या आधी लाख लावू नका. तिथे आत शिरणंच हवंय.

वाचनमात्र

फार उपयोगी धागा. एक बाळबोध प्रश्न: मेपल म्हणजे एकच लाकूड ना?

रंधा_आणि_मी

नाही. व्यापारात हार्ड मेपल आणि सॉफ्ट मेपल असे दोन गट. हार्ड म्हणजे मुख्यतः शुगर मेपल, ज्याच्या रसाचा पाक करतात ते झाड. सॉफ्टमध्ये रेड मेपल, सिल्व्हर मेपल वगैरे. कठीणपणाच्या जांका चाचणीत शुगर मेपल १४५० पौंड-बलाच्या घरात, रेड मेपल ९५० च्या. 'सॉफ्ट' ऐकून मऊ समजू नका, सुताराच्या हाताला तेही कठीणच लागतं. रंगाच्या दृष्टीने सॉफ्टमध्ये करड्या-तांबूस रेघा जास्त, त्यामुळे गडद रंगाला ते बरं. पांढरंशुभ्र ठेवायचं असेल तर हार्डची बाहेरची, सालीकडची फळी.

खुट्टी

मावशी, चहा करून बघितला. काय फरक पडलाय! पण रंग आला कोळशाकडे झुकणारा राखाडी. छान आहे, फक्त मला हवा तो नाही. तपकिरीचं काय करू?

मोलर_मावशी

लोखंड म्हटलं की करडा-काळा येणारच. तपकिरीसाठी तीन वाटा.

कात. तो लोखंडाशिवायच लावा. गरम पाण्यात विरघळवून, गाळून, चिमूटभर धुण्याचा सोडा घातलात की द्रावण लालसर गडद होतं. हा रंग उजेडात चांगला टिकतो. पूर्वी जहाजांची शिडं आणि मासेमारीची जाळी कातात रंगवत, ती उन्हात आणि खाऱ्या पाण्यातच असायची. दोन-तीन पातळ हात द्या. एकाच दाट हाताने वर पापुद्रा राहतो.

अक्रोडाच्या फळावरची हिरवी साल. कवच नव्हे, त्याच्याही बाहेरची मांसल साल. ती कुजवून, काळी होऊ देऊन पाण्यात उकळली की तपकिरी रस निघतो. हातमोजे घाला, बोटांवरचा डाग कातडी बदलेपर्यंत जात नाही.

तिसरी वाट पोटॅशियम परमँगनेट. याला टॅनिन लागतच नाही, ते लाकडालाच ऑक्सिडाइज करतं आणि स्वतः मँगनीज डायऑक्साइड होऊन धाग्यांत बसतं. लावताना जांभळं, बघता बघता तपकिरी. लिटरला १० ग्रॅमपासून सुरुवात करा. कुंचला कृत्रिम केसांचा किंवा स्पंजचा घ्या, नैसर्गिक केस ते खाऊन टाकतं. नको तितकं गडद झालं तर ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने उतरवता येतं. काही वर्षांत छटा थोडी फिकी होते हे धरून चाला. ग्लिसरिन, तेल, स्पिरिट यांच्या आसपास हे ठेवायचं नाही. ग्लिसरिन पडलं तर काही क्षणांत पेट घेतं, हे शाळेत प्रात्यक्षिक म्हणून दाखवतात.

सहावी_तार

गिटारी बनवतो, त्यामुळे लहरीवाल्या मेपलशी रोजचा संबंध. खुट्टी, तुमच्या लहरींसाठी एक युक्ती, पण आधी लहर म्हणजे काय ते. त्या फळीत धागे सरळ नसून नागमोडी गेलेत. रंध्याने सपाट केलं की एक पट्टा धाग्याच्या बाजूचा उघडा पडतो, पुढचा पट्टा धाग्याच्या तोंडाकडचा. तोंडाकडचा पट्टा जास्त रंग पितो. 'रंधा'साहेब ज्याला डाग म्हणतात त्याच गुणावर आमचं पोट चालतं!

तर: आधी बराच गडद, जवळजवळ काळा हात. पाण्यातला डाय किंवा तुमचं ते चहा-लोखंड. वाळल्यावर २२० ते ३२० ने परत घासायचं, इतकं की सपाट पट्ट्यांवरचा काळा निघून जाईल आणि फक्त लहरींच्या तोंडात राहील. मग वरून हवा तो तपकिरी, कात किंवा डाय. खोली दुप्पट दिसते. कडांपाशी हात आवरता घ्या, तिथे घासणी पटकन लाकडापर्यंत पोचते.

या बाबतीतले जुने उस्ताद म्हणजे १८व्या शतकातले पेनसिल्व्हेनियाचे बंदूक बनवणारे. लाँग रायफलींचे दस्ते लहरीवाल्या मेपलचे असत आणि त्यांना अॅक्वा फोर्टिस, म्हणजे लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल, लावून वर उष्णता देत. लाकूड आधी हिरवट-करडं पडतं आणि तापवताच एकदम लालसर तपकिरी उमलतं. त्या रंगाची सर कशालाच नाही.

मोलर_मावशी

सहावी_तार, माहिती सुंदर, पण कुणी घरी नायट्रिक आम्लात खिळे टाकायला जाऊ नका. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइडचे तपकिरी धूर निघतात. त्रास लगेच जाणवला नाही तरी काही तासांनी फुप्फुसांत पाणी होऊ शकतं. तोच रंग हवा असेल तर तयार फेरिक नायट्रेटचे खडे पाण्यात विरघळवून लावतात आणि हीट गनने तापवतात. तेही आम्लधर्मी आहे, मोजे-चष्मा हवाच, आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून साध्या पाण्याने पुसायचं.

जुन्या पुस्तकांत पोटॅशियम डायक्रोमेटही सापडेल. सहा-संयुजी क्रोमियम, कर्करोगकारक. मी त्याचं प्रमाण इथे लिहिणार नाही, विचारू नका.

शंकासूर

अमोनियाच्या वाफेत लाकूड ठेवून रंगवतात म्हणे. ते मेपलवर?

मोलर_मावशी

तिथेही टॅनिनच लागतं, म्हणून ते ओकचं काम. मेपलवर तसं काही फारसं होत नाही.

वाचनमात्र

अवांतर: स्ट्रॅडिव्हेरियस या जुन्या इटालियन कारागिराच्या व्हायोलिनची पाठ मेपलची असते ना? तिचं वार्निश म्हणजे काहीतरी गूढ रसायन होतं असं ऐकत आलोय.

सहावी_तार

पाठ, कडा आणि मान मेपलची, पुढचा भाग स्प्रूसचा. वार्निशाचं म्हणाल तर २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात त्याच्या पाच वाद्यांचं वार्निश तपासलं होतं. निघालं काय, तर लाकडात मुरलेलं साधं सुकणारं तेल, त्यावर तेल आणि पाइनची राळ, काहींत लाल रंगद्रव्यं. तेव्हाच्या चित्रकाराकडे असायचं तेच सामान. गूढाचा बाजार आमच्या धंद्याला बरा पडतो, म्हणून कुणी फारसं बोलत नाही :)

खुट्टी

रंगाचं डोक्यात बसलं. आता वरचा हात? तेल, लाख की मेण?

रंधा_आणि_मी

मेपल पांढरं ठेवायचं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. अळशीचं तेल मेपलला पहिल्याच दिवशी मधाळ करतं आणि पुढे पिवळं करत जातं. टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं) त्या मानाने कमी पिवळं. पांढऱ्यासाठी पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश किंवा अगदी फिकी लाख. काही लोक नुसता साबणाच्या चुऱ्याचा पातळ हात देतात, तोही छान मऊ दिसतो, पण वरचेवर द्यावा लागतो. आणि कितीही जपलं तरी मेपल उजेडाने आपापलं पिवळसर होतंच.

तुमचं तपकिरी आहे, त्यामुळे पिवळेपणा पथ्यावर पडेल. मी असं करीन:

रंग पूर्ण वाळल्यावर तेलाचा एक पातळ हात. लहरी खऱ्या उठतात त्या इथे. अळशीचं कच्चं तेल नको, ते आठवडे चिकट राहतं. उकळलेलं म्हणून मिळतं त्यात धातूंचे ड्रायर असतात, ते दिवसा-दोन दिवसांत सुकतं. लावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. आठवडाभर थांबा.

मग लाख. लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम, हा पातळ काढा. बोळ्याने लावायचा: आत कापूस किंवा लोकर, बाहेर जुनं सुती फडकं, सुरकुती नसलेलं. सरळ लांब हात, मध्ये थांबायचं नाही, गेलेल्या जागी लगेच परत यायचं नाही. स्पिरिट उडून जातं तसा थर वाळतो, त्यामुळे एका दिवसात बरेच हात होतात. आधीच्या थरात पुढचा थर विरघळून एक होतो, हेच लाखेचं मोठेपण. पुढे कधी ओरखडा पडला तर दुरुस्तीला पूर्ण खरवडावं लागत नाही. गडद गार्नेट लाख घेतलीत तर तिचा स्वतःचा तांबूस रंग तुमच्या तपकिरीला आणखी ऊब देईल. भिजवलेली लाख मात्र सहा महिने ते वर्षभरातच वापरा. जुनी झाली की ती कडक वाळतच नाही. काचेवर थेंब टाकून बघायचं, दुसऱ्या दिवशीही नख रुतलं तर फेकून द्या.

लाखेचे दोष: पाण्याचे पांढरे डाग, दारू सांडली तर विरघळते, गरम भांडं चालत नाही. जेवणाच्या टेबलाला मी लावणार नाही. पेटाऱ्याला खुशाल.

मेण सगळ्यात शेवटी, हाताला छान लागावं म्हणून. नुसत्या मेणाने लाकडाचं रक्षण होतं हा गैरसमज आहे.

शंकासूर

डायवर थेट लाख चालते? की रंग ओढला जाईल?

रंधा_आणि_मी

चांगलं विचारलंत. स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय असेल तर लाखेचा बोळा तो ओढणारच, तिथे पहिले हात फवारून द्या. पाण्यातला डाय, कात, चहा-लोखंड यांना स्पिरिट फारसं हलवत नाही. मध्ये तेलाचा हात आहे, तोही आडोसा.

वाचनमात्र

हेच सगळं मेपलच्या भाजी कापायच्या पाटाला चालेल का? माझ्याकडे आहे, पार कोरडा पडलाय.

मोलर_मावशी

नाही हो! पाटाला रंग नाही, परमँगनेट नाही, लोखंडाचं पाणी नाही. खाण्यायोग्य दर्जाचं मिनरल ऑइल. ते सुकत नाही, म्हणून अधूनमधून परत लावायचं. त्याच्या चार भागांत एक भाग मधमाश्यांचं मेण, वजनाने, वितळवून घातलंत तर मलम होतं आणि जरा जास्त टिकतं. गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नाही. स्वयंपाकाचं साधं तेल वापरू नका, ते खवट होतं.

सहावी_तार

आणि अळशीच्या तेलाच्या चिंध्या! हे कुणीच लिहिलं नाही अजून. तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चुरगळून डब्यात टाकलेली चिंधी आतल्या आत तापून आपोआप पेटते, काडी लावावी लागत नाही. बाहेर एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मिनरल ऑइलला ही भीती नाही, कारण ते सुकतच नाही. परमँगनेटची चिंधी तर तेलाच्या चिंधीजवळही नको.

खुट्टी

सर्वांचे आभार. त्याच फळीच्या पट्ट्या कापून पूर्ण प्रक्रिया, अगदी लाखेपर्यंत, करून पाहिली. नुसता कात: लालसर, सुंदर, पण लहरी जरा झोपलेल्या. परमँगनेट: रंग हुबेहूब अक्रोडाकडे जाणारा, मात्र आडव्या छेदाला फारच काळं. चहा-लोखंड लावून, परत घासून, वर कात आणि तेल: हीच! तेलाआधी ती पट्टी मरगळलेली, मातकट दिसत होती, टाकूनच देणार होतो. तेलाचा हात बसला आणि चित्र पालटलं. पेटारा याच पद्धतीने करतोय.

रंधा_आणि_मी

वाळलेला रंग नेहमीच मेल्यासारखा दिसतो. ओला असताना जो दिसतो, साधारण तोच शेवटी लाखेखाली दिसणार. निर्णय त्यावरून घ्यायचा.

शंकासूर

पेटाऱ्याच्या आतून काय लावणार? तेलच?

रंधा_आणि_मी

आतून तेल नको. बंद जागेत त्याचा वास महिनोन्महिने कोंडून राहतो आणि आत ठेवलेल्या कपड्यांना लागतो. आतून रंगही नको, कोऱ्या मेपलवर लाखेचे दोन पातळ हात, झाकण उघडं ठेवून वाळवायचे. बाहेरच्या बाजूला ज्या दिवशी लाख लावाल त्याच दिवशी आतूनही लावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दमट हवा सारखीच शिरेल आणि झाकण वाकणार नाही.